गोकू, दादा आणि कॅम्प दोनची डीव्हीडी

तर मंडळी, झालं असं की गेल्या महिन्यात मी एक जुना पीएस२ विकत घेतला. हो, पीएस५ नाही, पीएस२. सोनीने जपानमध्ये मार्च २००० मध्ये आणलेला आणि २०१३ उजाडता उजाडता बनवायचा थांबवलेला. डबा घरी आणला तेव्हा आईने शांतपणे विचारलं, "हे भंगारवाल्याला द्यायचंय की त्याच्याकडूनच आणलंस?" उत्तर दुसरं होतं, पण मी गप्प बसलो.

घ्यायचं कारण म्हणजे एक मेमरी कार्ड. आठ एमबीचं. आजच्या फोनमधला एक बरा फोटोही कधीकधी त्यात मावणार नाही. बदलापूर पश्चिमेला माझ्या मामाचं घर आहे, तळमजल्यावर. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीचं पाणी गावात शिरलं, महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये अडकून हजाराहून जास्त लोकांना बाहेर काढावं लागलं, ती रात्र आठवत असेल. त्या रात्री मामाकडे पलंगाखाली ठेवलेला दादाचा पीएस२ पाण्यात गेला. मेमरी कार्ड मात्र माळ्यावर एका स्टीलच्या डब्यात होतं, जुनी सिमकार्डं, घड्याळाचे पट्टे आणि दोन-तीन राख्यांच्या सोबतीला. मामीने यंदा माळा आवरताना ते मला दिलं. "तुमचं काहीतरी आहे बघ," म्हणाली.

त्या कार्डात 'ड्रॅगन बॉल झी: बुडोकाई तेनकाइची ३' चा सेव्ह होता.

ज्यांना हे नाव म्हणजे जपानी स्तोत्र वाटतंय त्यांच्यासाठी थोडक्यात. अकिरा तोरियामा नावाच्या माणसाने १९८४ ते १९९५ 'ड्रॅगन बॉल' ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, एका साप्ताहिकात काढली. ५१९ प्रकरणं, ४२ खंड. त्यावर कार्टून मालिका निघाली, ती आपल्याकडे कार्टून नेटवर्कवर लागायची आणि आमच्या पिढीचे गृहपाठ त्यात बुडाले. नायक गोकू. आता गंमत बघा. गोकू हे नाव आलं चिनी 'पश्चिमेचा प्रवास' या सोळाव्या शतकातल्या कादंबरीतल्या वानरवीरावरून. ती कादंबरी उभी आहे ह्युएनत्संगाच्या भारतयात्रेवर. आणि हा ह्युएनत्संग म्हणजे तोच, जो सातव्या शतकात दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेला आणि ज्याच्यावर आपण शाळेत दोन मार्कांचं उत्तर लिहिलं. म्हणजे गोकू तसा आपल्या लांबच्या नात्यातला निघतो! असो.

गेम आला ऑक्टोबर २००७ मध्ये. माझ्याकडे, म्हणजे दादाकडे, पोचला २००८ मध्ये. दादा तेव्हा वीस वर्षांचा. आयटीआय फिटर करून अंबरनाथ एमआयडीसीत अप्रेंटिस लागलेला. एमआयडीसीला शुक्रवारी सुट्टी, त्यामुळे शुक्रवारी मी शाळेतून थेट लोकल पकडून बदलापूर गाठायचो. पीएस२ त्याने स्टायपेंड साठवून घेतला होता, तोही सेकंडहँड आणि चिप बसवलेला. चिप म्हणजे काय हे आजच्या मुलांना सांगावं लागेल. पीएस२ कॉपी केलेली डिस्क चालवत नसे. आत एक छोटी चिप डकवली की निमूट चालवायचा.

आणि कॉपी मिळायची उल्हासनगरात. कॅम्प दोनला जपानी बाजार नावाचा कापडाचा बाजार आहे, त्याच्या आसपासच्या गल्लीत एक दुकान होतं. मला लहानपणी प्रामाणिकपणे वाटायचं की जपानी गेम मिळतो म्हणूनच त्याला जपानी बाजार म्हणतात. साठ रुपयांत डिस्क, प्लॅस्टिकच्या पाकिटात, वर मार्करने लिहिलेलं 'डीबीझेड ३'. ओरिजिनलची किंमत हजाराच्या घरात. दादाच्या हिशेबात तो आकडा बसणं शक्यच नव्हतं.

इथे 'मेड इन यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद कुणीतरी करणारच. मीही केलाय. पण फाळणीनंतर सगळं मागे टाकून आलेली माणसं कल्याणजवळच्या लष्करी बराकींत उतरवली गेली, ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींच्या हस्ते पायाभरणी होऊन त्या छावणीचं उल्हासनगर झालं, आणि मिळेल तो धंदा करत ती माणसं उभी राहिली. कॅम्प एक ते पाच हे आकडे त्याच छावणीचे. कॉपी विकणाऱ्याला हसताना एवढं लक्षात ठेवलेलं बरं. आणि हेही, की विकणारा एक असला तरी घेणारे आम्ही होतो, अंबरनाथ-बदलापूरचे सगळे सभ्य मध्यमवर्गीय.

बरं, आता गेमबद्दल. सतरा वर्षांनी पुन्हा खेळून काय वाटलं ते सरळ सांगतो.

पहिली गोष्ट, चित्र भयंकर दिसतं. नव्या एलईडी टीव्हीला पीएस२ जोडला तर गोकूच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसतात आणि बटण दाबल्यावर हात हलायला क्षणभर उशीर लागतो. तो गेम जुन्या डबा टीव्हीसाठी केलेला आहे. शेवटी कॉलनीतल्या एका काकांचा एकवीस इंची मागून आणला, तेव्हा जीवात जीव आला. दुसरी गोष्ट, कॅमेरा. शत्रू डोंगरामागे गेला की कॅमेराही गोंधळतो आणि आपणही. तिसरी, कथा. तोरियामाने शेकडो पानांत रंगवलेला प्रसंग इथे दोन वाक्यं आणि एक मारामारी यात उरकतो. मालिका माहीत नसेल तर कोण कुणाला का मारतंय हे कळायचं नाही. लहानपणी हे काहीच खटकलं नव्हतं, कारण मोकळ्या जागा आम्ही स्वतः भरत होतो.

पण मग दुसरा कंट्रोलर जोडला आणि सगळं आठवलं. पडदा उभा दोन भागांत, डावीकडे तू, उजवीकडे मी. ९८ पात्रं, त्यांची रूपांतरं धरून १६१. पूर्ण उडता येतं, डोंगर फोडता येतात, पाण्याखाली जाता येतं. दोघांनी एकाच वेळी किरण सोडला की ते मध्ये भिडतात आणि मग काड्या गरागरा फिरवायच्या. त्यात आमच्या तळहातांची सालं निघाली आहेत. माझा नेहमी गोहान, दादाचा नेहमी पिकोलो. लाइट गेली (आणि २००८ मध्ये लोडशेडिंगने लाइट जायचीच) की कोण जिंकत होतं यावर अंधारात भांडण.

आता मुद्द्याचं. ऑक्टोबर २०२४ मध्ये याच मालिकेचा पुढचा गेम आला, 'स्पार्किंग झीरो'. १८२ पात्रं, पहिल्या चोवीस तासांत तीस लाख प्रती विकल्या गेल्या. दिसायला डोळे दिपतात. पण तो बाजारात आला तेव्हा एका टीव्हीवर दोघांनी खेळायचं असेल तर फक्त एकाच मैदानात खेळता येत होतं. कालकक्षात. ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे, कालकक्ष म्हणजे पांढरी मोकळी खोली, लांबवर काही नाही. कारण तांत्रिक आहे आणि रास्तही. दोन खेळाडू म्हणजे दोन कॅमेरे, म्हणजे तेच जग एका क्षणात दोनदा काढायचं. आजच्या गेममध्ये उजेड, धूळ, फुटणारे दगड इतके बारकाईने काढतात की दोनदा काढायला मशीन पुरत नाही. पण जरा विचार करा. पीएस५ ला मेमरी सोळा जीबी. पीएस२ ला बत्तीस एमबी, पाचशे पट कमी! त्या बत्तीस एमबीत कुणीतरी बसून ठरवलं होतं की डोंगर जरा ओबडधोबड चालेल, पण दोन भाऊ शेजारी बसून तो फोडू शकले पाहिजेत. नव्या गेममध्ये कुणीतरी उलटं ठरवलं. मी रोज ऑफिसात असेच निर्णय घेतो, म्हणून सांगतो. मशीन कमी पडणं ही निम्मी गोष्ट. ते कुठे कमी पडू द्यायचं हे माणूस ठरवतो. म्हणून जुना गेम बरा वाटतो याला नुसतं बालपणीचं प्रेम म्हणू नका, त्यात एक निवड आहे.

आणखी एक. जुन्या गेममध्ये जे होतं ते सगळं त्या एका डिस्कवर. पात्रं खेळून उघडायची. नव्यात काही पात्रं नंतर वेगळे पैसे भरून घ्यायची. दोन्हीत मेहनत आहे म्हणा, एकात अंगठ्याची, दुसऱ्यात खिशाची.

इथपर्यंत लिहून मी थांबलो असतो तर लेख गोड झाला असता. पण एक काटा आहे.

माझं पोट लायसन्सवर चालतं. म्हणजे अक्षरशः. आमच्या कंपनीचं सॉफ्टवेअर किती जणांनी वापरायचं, कधीपर्यंत वापरायचं, हे तपासणारा कोड मी लिहितो. मध्यंतरी कुठल्यातरी क्लायंटने पन्नास जणांचं लायसन्स घेऊन दोनशे जणांना वाटल्याचं सापडलं, तेव्हा मीटिंगमध्ये सगळ्यात मोठ्या आवाजात "ही सरळ चोरी आहे" म्हणणारा मी होतो. संध्याकाळी ऐरोलीहून परतताना ठाण्याला बदलापूर लोकलच्या दारात लोंबकळलो आणि डोक्यात आलं, मला कॉम्प्युटरचं वेड ज्या गेमने लावलं त्याचा मी एक पैसा भरलेला नाही. ना जपानला, ना कुणाला. साठ रुपये गल्लीतल्या दुकानाला, ते पण दादाचे.

शिवाय हे फक्त दूरच्या जपान्यांपुरतं नाही. २००९ मध्ये हैदराबादच्या एका कंपनीने पीएस२ साठी 'हनुमान: बॉय वॉरियर' बनवला. त्याच वर्षी 'देसी अड्डा' आला, त्यात कबड्डी आणि पतंग होते. २०११ मध्ये 'रा.वन' आला. आपल्यासारखेच इंजिनिअर, आपल्यासारखीच डेडलाइन. त्यातला एकही मी विकत घेतला नाही. ज्या वयात साठ रुपयांत जगातला कुठलाही गेम मिळतो, त्या वयात हनुमानाला कोण विचारतो?

म्हणून मागच्या शनिवारी कार्ड, पीएस२ आणि काकांचा टीव्ही घेऊन (रिक्षावाल्याचा चेहरा बघण्यासारखा होता) दादाकडे गेलो. दादा आता सदतीसचा. त्याच एमआयडीसीत, दुसऱ्या कंपनीत सुपरवायझर. येताना मी एक ओरिजिनल डिस्क मिळवली होती, सेकंडहँड, साडेतीन हजाराला. दादाने ती उलटीपालटी करून बघितली. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "दादा, आपण तेव्हा चोरी करत होतो रे. म्हटलं आता फेडूया."

दादा काही बोलला नाही. चहा संपवला. मग म्हणाला, "साडेतीन हजार कुणाला दिलेस?"

"एका डीलरला. ठाण्याच्या."

"मग त्या जपान्याला काय मिळालं?"

मंडळी, याला उत्तर नव्हतं. कारण मी नंतर खरंच शोधलं. हा गेम आज कुठल्याही दुकानात, कुठल्याही स्टोअरवर नवा मिळत नाही. पीएस२ आणि वीनंतर तो कधी पुन्हा काढलाच नाही. आणि तो एकटा नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहणी केली, तेव्हा तिथे २०१० पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम बाजारात उपलब्धच नाहीत असं निघालं.

दादा पुढे म्हणाला, "आणि चोरी म्हणतोस, तर मग तेव्हा खेळायचंच नव्हतं का? मला स्टायपेंड किती होता ठाऊक आहे तुला? तुझं बरं आहे, आता पगार आहे तर लाज वाटून घ्यायला परवडतं."

हे लागलं. लागायलाच हवं होतं. माझी फी भरायची वेळ आली तेव्हा मामाकडून आलेल्या पैशांत दादाच्या ओव्हरटाइमचे किती होते हे मी कधी विचारलेलं नाही. त्याच्या जिवावर इंजिनिअर होऊन त्यालाच नीतीचे धडे द्यायला गेलो होतो.

पण त्याचा प्रश्न प्रश्न म्हणून उरतोच. तेव्हा खेळायचं नव्हतं का? गेला आठवडाभर लोकलमध्ये यावर डोकं चालवलं. मला सुचलेलं उत्तर असं.

आमच्या लहानपणी वाण्याकडे वही असायची. महिनाभर माल उचलायचा, एक तारखेला फेडायचं. आमचा गेमचा व्यवहार चोरीपेक्षा या वहीच्या जवळचा होता असं मला वाटतं, एका फरकाने: वाण्याला न विचारता आम्ही स्वतःच वहीत नाव लिहून आलो होतो. हा फरक छोटा नाही, त्यामुळे चूक ती चूकच. पण उधारीचं एक असतं, ती फेडता येते. ऐपत नव्हती तेव्हा उचललं, ऐपत आली तेव्हा भरलं, तर माणूस ताठ मानेने त्याच दुकानात जाऊ शकतो. ऐपत आल्यावरही जो गल्लीतलीच डिस्क शोधतो, त्याला मात्र 'परिस्थिती' हा शब्द वापरायचा हक्क नाही. पन्नासचं लायसन्स दोनशे जणांना वाटणाऱ्या कंपनीलाही नाही. वीस वर्षांच्या अप्रेंटिसमध्ये आणि त्या कंपनीत मी फरक करतो, आणि तो मला मीटिंगमध्येही करायला हवा होता.

दुसरी बाजू. उधारी फेडायला गेलो तर दुकान उघडं पाहिजे ना! कंपनी गेम विकत नाही, विकायचा विचारही दिसत नाही, आणि दुसऱ्या कुणी जपून ठेवला तर वकील पाठवायचा हक्क मात्र राखून ठेवते. आपल्या कॉपीराइट कायद्यात प्रोग्रॅमची कायदेशीर प्रत ज्याच्याकडे आहे त्याला ती हरवू-बिघडू नये म्हणून बॅकअप घ्यायची मुभा आहे. चांगली गोष्ट आहे. पण ती एकेका माणसापुरती. त्या माणसाचं घर तळमजल्यावर असेल आणि नदीला पूर आला तर?

सिनेमाचं काय झालं ते आपल्याला माहीत आहे. 'आलम आरा' हा आपला १९३१ चा पहिला बोलपट, आज त्याची एकही प्रिंट नाही. फाळक्यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' अपुराच उरलाय, आणि तेवढा तरी उरला तो पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या पी. के. नायरांसारख्या माणसांनी रिळं हुडकली म्हणून. हे संग्रहालय १९६४ मध्ये निघालं, आणि तोवर बरंच गेलेलं होतं. गेमच्या बाबतीत आपण आज साधारण तिथेच उभे आहोत. 'हनुमान: बॉय वॉरियर' हा आपल्या देशातल्या पहिल्या काही कन्सोल गेमपैकी एक. वीस वर्षांनी एखाद्या पोराला तो बघावासा वाटला तर तो कुठे जाणार? गल्लीतली कॉपी हे काही संग्रहालय नव्हे. दादाची 'डीबीझेड ३' दोन पावसाळ्यांत ओरखडे पडून मेली होती, नंतर आम्ही पीएस२ उभा-आडवा करून, लेन्स कापसाने पुसून तिला कसंबसं जगवत होतो.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. ज्या कंपनीला जुना गेम विकायचा आहे तिने विकावा, आम्ही रांगेत उभे आहोत. ज्या कंपनीला विकायचा नाही, तिने एक प्रत एखाद्या सार्वजनिक संग्रहालयात ठेवावी आणि तिथे बसून खेळणाऱ्याला आडकाठी करू नये. सिनेमासाठी पुण्यात जागा होऊ शकते, तर गेमसाठी एक खोली का नाही? आणि आपण, म्हणजे आज पगार घेणाऱ्यांनी, जे विकत मिळतं ते विकत घ्यावं. विशेषतः आपल्याकडच्या छोट्या स्टुडिओंचे गेम.

तोरियामा १ मार्च २०२४ ला गेले, ६८ वर्षांचे होते. बातमी आठवड्याने आली. त्या दिवशी फोनवर सगळे गोकूचे फोटो टाकत होते, मीही टाकला. फुकटच होता तोही.

राहिलं दादाचं. एवढं बोलणं झाल्यावर मला वाटलं आता काही खेळणं होत नाही. पण त्याचा नऊ वर्षांचा मुलगा टीव्हीसमोर येऊन बसला होता आणि "हे एवढं जाड का आहे?" असं टीव्हीलाच विचारत होता. दादाने कार्ड हातात घेतलं, फुंकर मारली, लावलं. सेव्ह उघडला. सगळी पात्रं तशीच, १६१ च्या १६१. फाइलवरची तारीख २०११ ची. त्या वर्षी तो परमनंट झाला आणि नाइट शिफ्ट सुरू झाली.

दादाने पिकोलो घेतला. मी गोहान घ्यायला गेलो, तर त्याने कंट्रोलर माझ्या हातातून काढून मुलाच्या हातात दिला.

"तू बस जरा. तू पुष्कळ खेळलायस."

मी बसलो. पोरगं दोन मिनिटांत हरलं आणि म्हणालं, "परत."